चित्रातला डाग

माझी नात वाकडला एका उंच इमारतीत राहते आणि घरबसल्या कुठल्याशा कंपनीसाठी पडदे तपासते. खिडकीचे नव्हेत, टीव्हीचे आणि फोनचे. चित्र जसं आहे तसं उमटतंय का ते बघायचं, एवढंच मला तिच्या कामातलं कळतं. परवा ती वैतागून फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अरे, मूळ फोटोत काहीच नाहीये, तो डिस्प्लेचा आर्टिफॅक्ट आहे." फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मग सापडला का आर्टिफॅक्ट?" तिला हसू आलं. म्हातारी ऐकलेला शब्द पोपटासारखा म्हणतेय, असं वाटलं असणार. मग लहान मुलाला समजवावं तशी सांगायला बसली, "आजी, खऱ्या वस्तूत जे नसतं आणि तरी चित्रात दिसतं, मशीनमुळे म्हण किंवा मध्ये काही आल्यामुळे म्हण, त्याला आर्टिफॅक्ट म्हणतात."

मी म्हटलं, "बाई, हा शब्द मी शिकले तेव्हा तुझी आई अंगावर पीत होती. आणि त्या शब्दाआधी ती माझ्यापासून तुटायच्या बेतात होती."

तिने खुर्ची पुढे ओढली, पण तेवढ्यात तिची मीटिंग लागली. गोष्ट अर्धवट राहिली. आता या वयात अर्धवट ठेवलेलं पुन्हा हाताशी लागेल याचा भरवसा नाही, म्हणून लिहूनच काढते.

थेरगावात आमचं घर नदीच्या अंगाला होतं. आज तिथल्या चौकात रस्ता ओलांडायचा तर जीव मुठीत धरावा लागतो. तेव्हा तिथे ज्वारी डुलायची. घरात आम्ही तिघी: मी, माझी सासू आणि माझी रांगती पोरगी. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. मालक आदल्या वर्षी होळीच्या आधी गेले. तेव्हा पोरगी पोटात होती, त्यामुळे बापाने तिला पाहिलंच नाही.

मालक छातीच्या रोगाने गेले. खोकला लागला, ताप उतरेना, अंगावरचं मांस झडत चाललं, तेव्हा त्यांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे छातीचा फोटो काढला आणि फुफ्फुसावर डाग आहे म्हणून सांगितलं. यांना वेगळं ठेवा, यांचं ताट-भांडं वेगळं करा, घरातल्या कुणी फार जवळ जाऊ नका. आत्याबाईंनी त्यातला शब्दन् शब्द पाळला. मारून मुटकून नाही, मनापासून पाळला. गोठ्याला लागून एक छप्पर होतं, तिथे पोटच्या लेकाची खाट टाकली. एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली त्याच्यासाठी वेगळी काढली. भाकरी उंबऱ्यात ठेवायच्या आणि चार पावलं मागे सरून उभ्या राहायच्या. मी पोटुशी म्हणून मला तर त्या गोठ्याकडे फिरकूही देत नसत. सबंध पावसाळा आणि हिवाळा त्यांनी तिथे काढला आणि एका सकाळी ताटलीतली भाकर तशीच राहिली.

मालक गेल्यावर आत्याबाई रडल्या नाहीत. बायका म्हणायच्या, हिचं काळीज दगडाचं. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. लेकाला गुरांशेजारी ठेवणारी बाई, असं मी मनात म्हणायचे आणि तोंडाने "आत्याबाई, पाणी देऊ का?" विचारायचे.

मालकांचा असा फोटो आमच्याकडे नव्हता. लग्नात कुणी काढला नाही, पुढे काढायला वेळ मिळाला नाही. होता तो फक्त दवाखान्यातला छातीचा फोटो, मोठ्या तपकिरी पाकिटातली काळी फिल्म. आत्याबाईंनी ती आपल्या लग्नातल्या लुगड्याखाली ट्रंकेत ठेवली होती. सर्वपित्रीला त्यांनी ती बाहेर काढली, दारात उभं राहून उन्हाला धरली, बराच वेळ पाहिली आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून दिली. तोंड नाही, डोळे नाहीत, नुसत्या बरगड्या. मला त्या फोटोची भीती वाटायची.

घरात मिळवतं माणूस उरलं नव्हतं. पुढे आलेल्या हिवाळ्यात कळलं की चिंचवडच्या बाजूला उभ्या राहिलेल्या गोळ्या-बिस्किटांच्या एका लहान कारखान्यात बायका घेताहेत, बसून पुडे बांधायचं काम. मी चौथी शिकलेली, हाताला चपळ. माझं नाव त्यांनी लगेच घेतलं. फक्त एक अट होती. खाण्याच्या जिनसांना हात लागणार म्हणून प्रत्येकीच्या छातीचा फोटो काढणार होते. फोटो निर्मळ निघाला तर काम.

ज्या घरातून एक माणूस छातीच्या रोगाने गेलं, तिथलीच मी. वर्षभर मला नख दुखलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळपासून मला घशात खवखव जाणवायला लागली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. मी विहिरीवर जायची तेव्हा पायऱ्या चढून दम लागतो का ते बघायची. लागायचा. भरलेली घागर घेऊन कुणालाही लागेल, पण हे तेव्हा कोण सांगणार.

आत्याबाईंनी मला तोंडाने धीर दिला नाही. त्यांची तऱ्हा वेगळी. आमच्या शिवेवर मारुती आहे. वर्षानुवर्षं तेल-शेंदूर चढून त्याच्या अंगावर जाड थर बसतो आणि कधीतरी तो आपला आपण सुटून पडतो. देवाने कवच टाकलं म्हणतात. ते कवच नदीत सोडायचं असतं, पण त्यातला एखादा तुकडा लोक घरी ठेवतातच. आत्याबाईंकडे तसे तुकडे होते. आकाराने नखाएवढे, पण तळहातावर घेतले की जड लागायचे. त्यांतला एक त्यांनी फडक्यात गुंडाळला, पुडी केली आणि माझ्या चोळीच्या आतल्या अंगाला, डाव्या काखेजवळ, टाके घालून शिवून टाकली.

"काम हुईस्तवर काढायची न्हाई," त्या दोरा दाताने तोडत म्हणाल्या. "अन् कुनाला सांगायची बी न्हाई. सांगितली की तिचा जोर जातो."

"व्हय, आत्याबाई," मी म्हटलं. मला त्या पुडीने खरंच धीर आला. देव काखेत आहे म्हटल्यावर माणूस जरा ताठ चालतो.

चिंचवड स्टेशनाजवळ एका डॉक्टरांनी फोटोचं यंत्र आणलं होतं. कारखान्याच्या बायका तिथेच पाठवत. आम्ही नदी दगडांवरून ओलांडून गेलो. पोरगी आत्याबाईंच्या कडेवर. आतल्या खोलीत नर्सबाई होत्या. पुण्याच्या असाव्यात, चटचट बोलायच्या. केस वर बांधायला लावले. मग म्हणाल्या, "गळ्यातलं, कानातलं, धातूचं काही असेल तर काढून ठेवा."

मी म्हटलं, "काय न्हाई." आणि खरोखरच काही नव्हतं. विधवेचं अंग फोटोसाठी आयतंच तयार असतं. चोळी काढायला मी तयार नव्हते आणि नर्सबाईंनीही आग्रह धरला नाही. बाया लाजतात, हे त्यांना ठाऊक होतं. पुडी माझ्या ध्यानातही आली नाही. म्हणजे पुडी आहे हे ध्यानात होतं, पण ती दागिना नव्हती आणि धातूही नव्हती. तो देव होता. देवाला काढून ठेवा असं कुणी म्हटलंच नव्हतं.

छाती गार पत्र्याला टेकवून मी श्वास धरला. खटका वाजला. संपलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. वयाने फार मोठे नव्हते, बोलणं मऊ होतं. माणूस मऊ बोलायला लागला की मला धडकी भरते. ते म्हणाले, "डाव्या बाजूला वर एक डाग दिसतोय. घरात कुणाला छातीचा त्रास होता?"

मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "हिच्या मालकाला. माझ्या लेकाला."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मग म्हणाले की लगेच काही सांगता येणार नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढू, तोवर कामावर जायचं नाही, आणि बाळाला अंगावर पाजू नका, जवळ घेऊ नका. आत्याबाईंनी त्याच क्षणी पोरीला माझ्या बाजूने उचलून दुसऱ्या कडेवर घेतलं. तेव्हा मला कळलं की आता शब्दन् शब्द पाळला जाणार.

आणि पाळला गेला. त्या संध्याकाळी गोठ्याशेजारच्या छपरात माझं अंथरूण पडलं, मालकांची खाट होती त्याच जागी. जर्मनची ताटली ट्रंकेमागून निघाली. तिची एक कड चेपलेली होती. ती चेपलेली कड बोटाला लागली की मला त्यांची बोटं आठवायची आणि भाकर अर्धीच राहायची. आत्याबाई भाकरी उंबऱ्यात ठेवून मागे सरायच्या. तीच चार पावलं. मी त्यांच्याकडे बघायची नाही.

पोरीला शेळीचं दूध सुरू झालं. ती रडायची ते मला छपरात ऐकू यायचं आणि रडणं ऐकलं की मला पान्हा फुटायचा. चोळी भिजून जायची. ठणका लागायचा. एकदा मी न राहवून उंबऱ्याबाहेर पाय टाकला, तर आत्याबाई अंगणातून ओरडल्या, "मागं व्हय! पोरीचं वाटोळं करतीस का?" मी मागे झाले. रागाने नाही, भीतीने. त्यांचं म्हणणं खरं असलं तर काय, ही भीती. माझ्या दुधातून, माझ्या श्वासातून तिच्या इवल्या छातीत काही गेलं तर नसेल? मी खोकायची आणि फडकं उजेडात धरून बघायची. लाल काही नाही ना. पुन्हा खोकायची, पुन्हा बघायची. खोकून खोकून घसा सोलवटला, तर घसा दुखतो म्हणजे रोग वाढला, असं धरून बसले.

या सगळ्यावर कडी म्हणजे माझी नणंद. तिला चाकणच्या बाजूला दिलेलं होतं. तिला मूल नव्हतं. आत्याबाईंनी निरोप धाडला होता की दुसऱ्या फोटोतही डाग निघाला तर पोरीला घेऊन जा, इथे ठेवण्यात अर्थ नाही. नणंदेने उलट निरोप दिला, बाजार झाला की येते. ती वाईट बाई नव्हती. पोरीला तिने फुलासारखं सांभाळलं असतं. तेच मला टोचत होतं. रांगतं पोर, चार महिन्यांत तिलाच आई म्हणायला लागलं असतं. मी बरी झाले असते तरी ती मला परत मिळाली नसती, आणि मेले असते तर तिला आठवलेही नसते.

आत्याबाई मात्र रोज अंधारायच्या आत मारुतीला जाऊन यायच्या. माझे कपडे सोड्यात उकळायचे म्हणून जुनी चोळी त्यांनी काढून घेतली आणि दुसरी दिली. पुडी दुसरीत आली. पहिल्या पुडीला जोर कमी पडला, असं त्यांच्या मनाने घेतलं असावं, कारण या खेपेला फडक्यात एक नाही तर तीन तुकडे होते, आणि पुडी काखेजवळ न शिवता खाली, काळजाच्या अंगाला शिवलेली होती. चोळी उंबऱ्यात ठेवून त्या म्हणाल्या, "आता डाग पळंल."

पंधरवडा सरला. पुन्हा नदी, पुन्हा दगड. या वेळी मी पुढे आणि त्या पोरीला घेऊन मागे, हाकेच्या अंतरावर. पोरगी मला बघून हात पसरत होती आणि मी पाठमोरी चालत होते. दवाखान्याच्या बाहेर बाकावर त्या बसल्या, मी आत गेले. पुन्हा केस वर, पुन्हा धातूचं काही आहे का, पुन्हा काय न्हाई. फोटो काढल्यावर मला तिथेच थांबायला सांगितलं.

बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी आत बोलावलं. त्यांच्यासमोर दिव्याची एक पेटी होती, पुढून दुधी काच लावलेली. तिच्यावर दोन फिल्म शेजारी शेजारी अडकवल्या होत्या. एक पहिली, एक आजची. मला त्यातलं काय कळणार, पण पहिलीत वर एक पांढरा ठिपका होता आणि आजच्या फिल्ममध्ये खाली एक मोठा पांढरा गोळा होता, हे मलाही दिसलं. पंधरा दिवसांत एवढा वाढला. मी भिंतीला धरून खाली बसले. पोरगी गेली, एवढं एकच डोक्यात होतं. नणंद कदाचित आजच येऊन बसली असेल, असं वाटलं.

डॉक्टरांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते नाक फिल्मला लावून बघत होते. मग नर्सबाईंना म्हणाले, "वरचा गेला कुठे?"

नर्सबाई म्हणाल्या, "कुठला?"

"पहिल्यात वर होता. तो आज नाही. आणि खाली पहिल्यात काही नव्हतं, तिथे हा एवढा. डाग असा उतरून खाली येत नाही. आणि इतका पांढरा? हाडापेक्षा पांढरा?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, उठा. पडद्यावर बघू."

त्यांनी डोळ्यांना लाल काचांचा चष्मा लावला आणि काही वेळ नुसतेच बसून राहिले. अंधाराची सवय व्हावी म्हणून तसा चष्मा लावतात, हे मला मागाहून समजलं. तेव्हा वाटलं, माझी वाईट बातमी सांगायला यांना डोळे झाकून घ्यावे लागताहेत. मग खोली अंधारी केली आणि मला एका चौकटीमागे उभं केलं. यंत्र घुमायला लागलं. डॉक्टरांच्या तोंडावर हिरवट उजेड पडला. माझं आतलं त्यांच्यासमोरच्या पडद्यावर हलत होतं, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दुसरं काही मला दिसण्यासारखं नव्हतं.

"श्वास घ्या. सोडा. आता हळूहळू कुशीवर वळा. अजून. अजून थोडं."

मी वळले. डॉक्टर एकदम पुढे वाकले. "अहो," ते म्हणाले, "हा तर अंगाबाहेर चालला." आणि मोठ्याने हसले. त्या अंधारात, माझा जीव टांगणीला लागलेला असताना ते हसले, तेव्हा मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. पुढे कित्येक वर्षं ते भेटले की मी त्यांना ते ऐकवायची.

दिवा लागला. नर्सबाईंनी मला पडद्याआड नेलं आणि चोळी चाचपली. त्यांच्या बोटांना पुडी लागली. "हे काय आहे?" मी बोलले नाही. सांगितली तर जोर जातो. नर्सबाईंनी कात्री घेतली आणि टाके उसवले. पुडी डॉक्टरांच्या टेबलावर गेली, फडकं सुटलं आणि शेंदराचे तीन तुकडे पांढऱ्या कागदावर पडले.

डॉक्टरांनी एक तुकडा हातावर घेऊन तोलून पाहिला. "शेंदूर," ते म्हणाले. "बाई, यात शिसं असतं. यंत्राचा उजेड शिशातून पार जात नाही. तुमच्या छातीत काही नाही. फोटोत जे दिसलं ते हे." मग त्यांनी तो शब्द उच्चारला आणि दोनदा म्हणून दाखवला. "याला आम्ही आर्टिफॅक्ट म्हणतो. चित्रात आहे, माणसात नाही. कुठलाही फोटो वाचताना पहिल्यांदा हाच प्रश्न विचारायचा असतो, की हे दिसतंय ते माणसाचं की चित्राचं. मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता."

मी रडत होते आणि हसत होते. चोळीच्या गाठी कशाबशा मारून मी बाहेर धावले आणि आत्याबाईंच्या मांडीवरून पोरगी उचलली. त्या ओरडायला गेल्या, पण डॉक्टर माझ्यामागे दारात आले होते. त्यांनी आत्याबाईंना सगळं सांगितलं, तुकडे दाखवले, सून ठणठणीत आहे म्हणाले. मी तिथेच भिंतीकडे तोंड करून पोरीला पदराखाली घेतलं. शेळीचं दूध पिऊनही ती मला विसरली नव्हती.

मला वाटलं होतं आत्याबाई निदान सुटल्यासारखा श्वास टाकतील. मी वळून पाहिलं तर त्यांचं तोंड राखेसारखं झालेलं. त्या तुकड्यांकडे बघत होत्या. आनंदाचं एक अक्षर नाही. तशाच नदीपर्यंत चालत आल्या. दगडांवर त्यांचा पाय घसरला, मी हात दिला, तर त्यांनी तो घेतला नाही. मला पुन्हा धास्ती वाटली. हिला खरं वाटत नाहीये, ही पोरीला धाडणारच, असं मी धरून चालले.

घरी आल्या आल्या त्यांनी ट्रंक उघडली. लुगड्याखालून तपकिरी पाकीट काढलं, पदराखाली घेतलं आणि उभ्याच म्हणाल्या, "चल. फिरून जायाचं हाय."

"कुठं, आत्याबाई?"

"त्येला बी मीच पुडी बांधली हुती," त्या म्हणाल्या. "फोटूला नेला तवा. अंगातल्या बंडीत."

मला एकदम सगळं कळलं. मी पोरीला कडेवर घेतलं आणि त्यांच्यामागे निघाले. अख्ख्या वाटेने त्या स्वतःशीच बोलत होत्या. ताप तर हिवतापाचा बी आसतो. खोकला तर धुरानं बी येतो. मानूस खात न्हवता म्हून वाळला. एकटं ठिवल्यावर कोन खाईल. मी म्हणत होते, "आत्याबाई, सावकाश चला." त्यांना ऐकू येत नव्हतं.

डॉक्टर दवाखाना बंद करत होते. आम्हाला बघून त्यांनी काही न विचारता कुलूप पुन्हा काढलं. आत्याबाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं. पोटी एकच मुलगा असलेली ती बाई आणि तिच्याजवळ असलेला लेकाचा तो एकच फोटो. डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली.

आत्याबाईंनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "डाक्टर," त्या म्हणाल्या, "ह्यो डाग खरा हाय न्हवं?"

डॉक्टर बघत होते.

"खरा हाय न्हवं? पुडीचा न्हाई न्हवं? मी त्येला गोठ्यात ठिवला. हात लावला न्हाई. पानी मागितलं तर लांबनं दिलं. मरताना बी जवळ गेले न्हाई. डाग खरा आसंल तर..."

असं मागणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. आपल्या लेकाचा रोग खरा असू दे, असं ती आई देवाकडे नाही तर एका परक्या माणसाकडे मागत होती. मी तिला वर्षभर दगड म्हणत आले होते आणि ती मात्र आज एका ठिपक्यापायी उभी जळत होती.

डॉक्टरांनी बोट वर नेलं. "आई, इकडे या. गळ्याखाली हा छोटा पांढरा ठिपका दिसतो? ही तुमची पुडी. चित्रातली." मग बोट खाली आलं आणि दोन्ही बाजूंना फिरलं. "आणि हे सगळं, इथे, इथे, हे खड्डे. हे त्याचं स्वतःचं. हे खरं आहे. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. नाहीतर आज ही सून आणि ही नात तुमच्यासमोर नसत्या."

"खरा हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"खरा आहे."

त्या तिथेच फरशीवर बसल्या आणि रडल्या. मालक गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या, आणि इतक्या मोठ्याने की स्टेशनाकडे जाणारी माणसं दारात थांबली. मी पोरीला खाली ठेवलं. ती रांगत त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या पदराशी खेळायला लागली. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवला नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी छपरातलं अंथरूण उचललं, जागा शेणाने सारवली आणि ती जर्मनची ताटली उकिरड्यावर टाकायला निघाले. आत्याबाईंनी ती माझ्या हातातून घेतली. राख लावून घासली, चेपलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि चुलीपुढे ठेवली.

"वाढ यात," त्या म्हणाल्या.

मी वाढलं. पुढे मी कारखान्यात लागले, घरात पितळेची ताटं आली, स्टीलची आली, पण मरेपर्यंत आत्याबाई त्याच ताटलीत जेवल्या.